उडत्या बेडकाचा रॅपर

हिंदी मुलखात, झालान्याच्या आमच्या विमा ऑफिसात एक कारकून होता. वय पस्तिशीचं, डोक्यावर उलटी टोपी, गळ्यात पितळी साखळी. मोठे साहेब आले की टोपी गुपचूप सुलटी व्हायची. तेव्हा मुलांच्या टीव्हीवर एका उडत्या बेडकाचं कार्टून लागायचं. हा त्यावर रॅप रचायचा आणि जेवणाच्या सुट्टीत डब्यावर बोटं आपटत आम्हाला ऐकवायचा. यमक जुळलं नाही की 'यो' म्हणून मोकळा. वर म्हणायचा, "मतलब, हिप-हॉप आहे हे. तुम्हाला नाही कळायचं."

गणेशोत्सवात मराठी मंडळाने या माणसालाही स्टेज दिलं. त्याच्या आधी माझी आठ वर्षांची मुलगी श्लोक म्हणायला उभी राहिली. मी महिनाभर पाठ करून घेतला होता. दुसऱ्याच ओळीला अडकली आणि मान खाली घालून खाली येऊन बसली.

मग हा उड्या मारत आला. बेडूक भर पावसात उडाला, असं काहीतरी तो बरळला आणि माझी मुलगी ताडकन उठली.

"काका, गलत आहे. पंख भिजले तर तो उडू नाही शकत."

त्याने गाणं थांबवलं. "मग काय करतो तो?"

ती सांगत सुटली, मोडक्या मराठीत, पण कुठेही न अडखळता. हा बावळट स्टेजवरच मांडी घालून कागदावर लिहून घेत होता. पहिल्या रांगेत, पाहुण्यांच्या खुर्चीत, आमचे मोठे साहेब घड्याळ बघत होते.

त्याची टोपी उलटीच होती.