कोंडवाड्याचं उत्पन्न

मारेगावकडच्या आमच्या लहानशा गावात मी ग्रामपंचायतीचा सचिव झालो तेव्हा बाविशीचाही नव्हतो. आमच्या वस्तीतला पहिला मॅट्रिक मीच. छप्पन साली सगळ्या वस्तीने धम्मदीक्षा घेतली आणि काही वर्षांनी मला हे काम मिळालं, त्यामुळे मान जरा जास्तच ताठ होती. आपल्या माणसांना झुकतं माप देतो असं कुणी म्हणू नये म्हणून मी सगळ्यात कडक वागायचो ते आपल्याच माणसांशी. आता आठवलं की स्वतःचाच कान पिळावासा वाटतो.

एका वर्षी पोळ्यानंतर पावसाने तोंडच दाखवलं नाही. ज्वारी वीतभर वाढून वाळली, म्हणजे कडबाही गेला. गुरं दिसेल त्या हिरव्याला तोंड लावू लागली, लोक ती हाकत आणून देऊ लागले आणि आमचा कोंडवाडा भरून गेला. जनावर सोडवायचं तर मालकाला दंड भरावा लागे. घरपट्टी वसूल करताना माझ्या नाकी नऊ यायचे, पण कोंडवाड्याने त्या तीन महिन्यांत कधी नव्हे एवढा पैसा दिला. मी खूश. सरपंचांनी सरकारी चारा डेपोसाठी अर्ज केला, तेव्हा मी हौसेने उत्पन्नाचा तक्ता जोडला आणि खाली लाल शाईने लिहिलं, ‘उत्पन्नात समाधानकारक वाढ’.

आमच्या शेजारी आईची मैत्रीण राहायची. मी तिला मावशी म्हणायचो. आई गेल्यावर माझ्या शाळेच्या डब्यात भाकर असायची ती तिच्या हातची. तिची एकच तांबडी गाय, आणि ती दर आठवड्याला कोंडवाड्यात. रस्त्यावर सापडली, असं रखवालदार सांगायचा. मी पावती फाडायचो आणि वर मावशीला ऐकवायचो की गाय ओढाळ झाली, तिला नीट बांधत जा. ती गुमान ऐकून घ्यायची, पदराच्या गाठीतले मोळ्या विकून आलेले पैसे काढायची आणि गाय घेऊन जायची.

मग पंचायत समितीचे साहेब पाहणीला आले. डेपो एकच होता. आमच्या गावाला किंवा नदीपलीकडच्या. साहेबांनी माझा तक्ता वाचला आणि म्हणाले की या गावाचं तर बरं चाललंय, डेपो पलीकडे देऊ. माझ्या पायाखालची जमीन सरकली. साहेब कोंडवाड्याचं पावतीपुस्तक सहज चाळत होते. एके ठिकाणी थांबले, मागची पानं उलटली. पुन्हा पुन्हा तेच नाव, तीच तांबडी गाय. ही बाई कोण, असं त्यांनी विचारलं. मावशी नेमकी तेव्हा गाय सोडवायला फाटकाशी उभी होती. गाय एवढी कशी सुटते, असं त्यांनी तिलाच विचारलं.

मावशीने आधी माझ्याकडे पाहिलं.

“गाय गरीब आहे साहेब, कुठं जात नाही,” ती म्हणाली. “मीच आणून देत होती तिले. घरी काडी नाही. इथं दोन दिवस खायले तं भेटते.”

रखवालदाराने मान खाली घातली. त्याला सगळं ठाऊक होतं. कोंडवाड्यासाठी पंचायतीने कडबा आधीच घेऊन ठेवला होता आणि बाजारातली पेंडी आता आमच्या दंडाहून महाग झाली होती. मी पावत्या पाहू लागलो. असं एकच नाव नव्हतं. निम्मा गाव आपलीच जनावरं आपणच कोंडून दंड भरत होता, आणि मी बेरजा करून पाठ थोपटून घेत होतो.

साहेबांनी माझी लाल ओळ खोडली आणि डेपो इथेच द्या असं लिहिलं. जाताना मला एवढंच म्हणाले की एकदा विचारायचं होतंस तिला. ही गाय तशीच सोडा, असं त्यांनी रखवालदाराला सांगितलं.

मावशी हलली नाही. तिने गाठ सोडली आणि पैसे माझ्यापुढे ठेवले.

“नाही बापू. खाल्लं तिनं इथं. काट पावती.”

मी नको म्हणालो, पण ती ऐकेना. शेवटी मी पावती फाडली. पुढे नोकरीत हजारो पावत्या फाडल्या; तेवढ्या एकीची लाज अजून वाटते.