काळ्या पट्ट्यांखालची सही

नगरपालिकेच्या कागदावर काळ्या शाईच्या पट्ट्या आहेत. उन्हात धरून पाहिला, तरी पलीकडचा उजेड येत नाही.

आम्ही नवराबायको एकच रस्ता झाडायचो. डावी बाजू तिची, उजवी माझी. कचरा सारखाच, पगार माझा जास्त. तिनं माहितीच्या अधिकारात अर्ज टाकला, बायांना किती देता अन् बाप्यांना किती, ते लिहून द्या. मी हसलो. "अगं, माझा पगार तुझ्याच हातात देतो की!"

"तुमच्या बोलण्यावर शिक्का आहे का?" ती म्हणाली. "मला त्यांचा शिक्का पाहिजे."

उत्तर आज आलं. ती चैत्रातच गेली.

सरकारी भाषा मला उमगत नाही. शेजारच्या मास्तरीणबाईंनी वाचून दाखवलं. पुरुषांचा पगार ही त्यांची खासगी बाब, त्यांची हरकत आहे, म्हणून आकडे झाकलेत. सोबत हरकतीचा कागद जोडलाय. त्यावर तिसरी सही माझी.

हजेरीच्या वेळी मुकादमानं तो कागद पुढं केला होता. "कर रे, सगळ्यांनी केलीय." मुकादमाला कोण विचारतं? मी केली. ती समोरच झाडू टेकून माझी वाट बघत उभी होती.

गरिबाचं तोंड दाबायला सरकार गरिबाचाच हात वापरतं, हे मला या वयात कळलं.

आकडे झाकले, सही तेवढी उघडी ठेवली. पूर्वी मी अंगठा लावायचो. सही करायला तिनंच शिकवलं होतं.