देश श्रीमंत झाला तेव्हा

माझ्या मामाला सगळे 'पायवाला' म्हणायचे. मुळात तो सुतार. लाकूड कापायच्या कारखान्यात डाव्या हाताची दोन बोटं गेली आणि मालकाने लगेच नारळ दिला. सरकारी दवाखान्यात पट्टी बदलायला गेला असताना मागच्या शेडमधून काहीतरी तासल्याचा आवाज आला. बघायला म्हणून गेला तो तिथेच रमला. त्या शेडमध्ये कृत्रिम पाय बनत. पैसा परदेशातल्या एका संस्थेचा, त्यामुळे पाय फुकट मिळायचा.

"यांनी स्वतःची बोटं घालवली," मामी म्हणायची, "आणि आता लोकांना पाय वाटत सुटलेत."

पण त्या कामात मामाचा हात धरणारा कोणी नव्हता. उरलेल्या पायाचा प्लास्टरने साचा घ्यायचा, त्यावरून पाय बसेल अशी वाटी ओतायची, मग माणसाला आधाराच्या दांड्यांमधून चालवून बघायचं. वाटी नखभर चुकली तरी कातडी सोलून निघते. म्हणून कोणी "बरोबर बसलाय" म्हणालं तरी मामा आधी त्याचं कपाळ बघायचा. "लोक भिडेखातर बोलतात," म्हणायचा. "दुखलं की कपाळावर आठी येतेच."

त्याच्या खास मर्जीतली होती ती इस्त्रीवाल्या बाईंची मुलगी. लहानपणीच ट्रकखाली तिचा एक पाय गुडघ्याखाली गेला होता. मोठ्या माणसाला एक पाय कितीतरी वर्षं पुरतो. वाढत्या पोरीला दरवर्षी नवा लागतो.

"काका, यंदा पळता येईल असा करा."

"पळून जाणार कुठे?"

"शाळेत. रोज उशीर होतो."

एका सकाळी खात्याचे साहेब केक घेऊन शेडमध्ये आले. आपल्या देशाचं सरासरी उत्पन्न वाढून ठरलेल्या रेघेच्या वर गेलं होतं. आपण आता गरीब देशांत मोडत नव्हतो. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, मामानेही. मग साहेब म्हणाले, "संस्थेची मदत फक्त गरीब देशांसाठी असते. त्यामुळे वर्षअखेरीस ही शेड बंद होईल. वाईट वाटून घेऊ नका, ही प्रगतीची खूण आहे."

बाकावर दोन्ही पाय गेलेला एक म्हातारा ड्रायव्हर बसला होता. तो म्हणाला, "साहेब, तुम्हाला दोन पाय, मला एकही नाही. सरासरी काढली तर दोघांना एकेक. चला, लंगडी खेळू!"

साहेब मनापासून हसले. माणूस चांगला होता. केकचा पहिला तुकडा त्यांनी स्वतःच्या हाताने म्हाताऱ्याला भरवला.

मामा नंतर त्यांच्या ऑफिसात गेला. "आपण श्रीमंत झालो ना? मग आपल्याच पैशाने चालवू या."

"अगदी बरोबर. पण ते माझ्या खात्यात येत नाही."

ज्या खात्यात येत होतं, तिथे त्याला सांगितलं की आता खाजगी दुकानं निघतील, काळजी नको. यंत्रं ट्रकमध्ये चढली. ती अजून गरीब असलेल्या एका देशात जाणार होती. "नशीबवान आहेत बिचारे," मामी म्हणाली.

दुकानं खरंच निघाली. काचेमागे सुंदर पाय उभे होते. इस्त्रीवाल्या बाई किंमत विचारून आल्या आणि थेट मामाच्या दारात उभ्या राहिल्या.

"दादा, पोरगी वाकडी चालायला लागलीय. काहीतरी करा ना."

घरात ना प्लास्टर होतं ना वाटी ओतायची भट्टी. मामाने लाकडाचाच पाय तासला, वर पोखरून वाटी केली, आत मऊ चामडं लावलं. मुलीला ओट्यावर चालवलं.

"लागतंय का?"

"नाही."

त्याने कपाळ बघितलं. एकही आठी नव्हती. इतकी वर्षं ती त्याच्यासमोर चालली होती. तो काय बघतो हे तिला ठाऊक होतं. हा पाय काढून घेतला तर दुसरा मिळणार नाही, हेही ठाऊक होतं. जखम झाली तेव्हा तिने ती आईलाही दाखवली नाही. वास यायला लागला तेव्हा कळलं. डॉक्टरांनी पाय गुडघ्याच्या वर कापला.

मामा दवाखान्यात गेला तेव्हा इस्त्रीवाल्या बाईंनी त्याला बसायला स्टूल दिलं. एक वाकडा शब्द बोलल्या नाहीत. चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं, असं तो मामीला म्हणाला.

त्यानंतर त्याने पाय केला नाही. नव्या इमारती धडाधड उठत होत्या आणि सगळ्यांना दारं-खिडक्या हव्या होत्या. मामाचं काम इतकं वाढलं की त्याने घर पक्कं बांधलं.

परवा मी तिथे असताना पाहणीवाली एक बाई आली. लोक किती सुखी आहेत, हे ती दारोदार विचारत होती. देशादेशांची तुलना व्हायची होती. "आयुष्याला दहापैकी किती गुण द्याल?"

"आठ लिही," मामी आतून म्हणाली. "वरचं छप्पर गळत नाही, अजून काय पाहिजे?"

"आणि काका, तुम्ही?"

मामाने कोपऱ्यातला लाकडाचा तुकडा उचलून बोटांनी मापला. बाईने पुन्हा विचारलं.

"माझं राहू दे."

"रिकामं ठेवता येत नाही, काका."

"यांचेही आठच लिही," मामी म्हणाली.

बाई आठ लिहून पुढच्या घरी गेली. मामी दारात आली. "खोटं सांगितलं का मी?"

"नाही," मामा म्हणाला. "यात खोटं काहीच नाही."

मग तो इस्त्रीवाल्या बाईंच्या मुलीच्या कुबड्यांना खालून लाकडाचे तुकडे जोडायला बसला. ती यंदा आणखी उंच झाली होती.