मास्तरांवर मारलेली मूठ

माझ्या नवऱ्याचं मरण एकदा भर सभेत जाहीर झालं होतं.

ऐंशीच्या दशकाची सुरुवात. आमचं नवीनच लग्न झालेलं. शहराच्या महाल भागात भाड्याने राहायचो. हे हायस्कूलमध्ये सायन्स शिकवायचे, म्हणून सगळी गल्ली ह्यांना मास्तर म्हणायची.

आज ह्यांना जाऊन तेरा दिवस झाले. मी इथे फारसं लिहीत नाही. पण ही गोष्ट आमच्या मुलांनाही पूर्ण माहीत नाही.

तेव्हा वस्तीत एक महाराज यायचे. ते मूठ मारतात, असं लोक म्हणायचे. म्हणजे दूर बसून मंत्राने माणूस मारायचा.

शाळेच्या मैदानावर सभा होती. हे उठले आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "माझ्यावर मारून दाखवा."

महाराज चिडले नाहीत. हसले.

"मास्तर, पोळ्याची अमावस्या तुम्हाले दिसत नाही."

कोणी टाळी वाजवली नाही, कोणी ओरडलं नाही. लोक गुपचूप उठून घरी गेले.

हे मात्र खुशीत. "चला, एक्सपेरिमेंट सुरू झाला."

मी घरी आले आणि पलंगाच्या पायाला काळा दोरा बांधला. ह्यांना दिसणार नाही असा.

दुसऱ्या दिवसापासून हे वेगळेच वागायला लागले. सायकल बंद. रस्त्याच्या कडेने चालायचे. पाणी उकळून प्यायचे. छतावरचं कवेलू, म्हणजे कौल, फुटलं होतं, तरी शिडीवर चढले नाहीत.

गल्लीतली पोरं हसायची. "मास्तर, पाणी तं उकळलं. मंत्र कसा उकळसान?"

मी विचारलं, "तुम्हीही भेले का?"

"मले मुठीचं भेव नाही," हे म्हणाले. "योगायोगाचं आहे. अमावस्येच्या आत मी ट्रकखाली आलो, तरी लोक म्हणतील मूठ लागली. मंग उद्या कोणाच्या पोराले साप चावला, तं दवाखान्यात नेतील का महाराजाकडे?"

त्या दिवसापासून मी दोन्ही गोष्टींना भ्यायला लागले. मुठीलाही आणि ट्रकलाही.

पोळा तोंडावर आला आणि ह्यांना ताप आला.

साधा नाही. दोन चादरी टाकल्या तरी दात वाजत होते. अंगाला हात लावला की चटका बसायचा.

"दार लाव," हे म्हणाले. "कोणाले सांगू नको."

दुपारी शेजारच्या पंचफुलाबाई आल्याच. "काहून वं बाई, मास्तर दिसून नाही राहिले?"

"पेपर तपासून राहिले," मी म्हटलं.

त्या दाराच्या फटीतून बघत होत्या. मी दार अडवून उंबऱ्यातच उभी राहिले.

संध्याकाळी हे बडबडायला लागले. मध्येच शुद्धीवर आले तेव्हा मी म्हटलं, "चला दवाखान्यात."

"अमावस्या होऊ दे. मंग जाऊ."

मी कधी ह्यांना उलटून बोलले नव्हते. त्या दिवशी बोलले.

"मंग तुम्ही अन् महाराज एकच तारीख पाहून राहिले."

ह्यांनी तोंड भिंतीकडे फिरवलं.

"मास्तरच दवाखान्यात नाही गेले, तं लोकायची पोरं काहून जातील?"

ह्यांनी डोळे मिटले. मग हळूच म्हणाले, "रिक्षा आण."

सायकलरिक्षा आणली. अजून उजेड होता. सगळी गल्ली दारात उभी. पंचफुलाबाई तोंडावर पदर घेऊन म्हणाल्या, "लागली वं बाई, लागली!"

मलाही तेच वाटत होतं. आज खरं सांगते. ह्यांचा विज्ञानावर विश्वास होता, माझा नव्हता. रिक्षात मी ह्यांच्या छातीवर हात ठेवून बसले होते. ठोका हाताला लागला की मी श्वास घ्यायचे.

डॉक्टरांनी बोटातून रक्त काढून काचेवर घेतलं. मलेरिया निघाला.

"इतका उशीर कशाला केला?" ते माझ्यावर ओरडले. "मेंदूत गेला असता म्हणजे?"

त्यांच्या ओरडण्याने मला धीर आला. पहिल्यांदाच कोणीतरी अमावस्येचं नाव न घेता बोललं होतं.

पोळ्याच्या दिवशी सलाईन चालू होतं. बाहेर रस्त्यावरून बैलांचे घुंगरू ऐकू येत होते. गल्लीतले चार-पाच जण फाटकाशी उभे होते. भेटायला कोणी आत येत नव्हतं. वाट बघत होते.

दुसऱ्या दिवशी मारबत निघाली, गावाची रोगराई बाहेर नेणाऱ्या पुतळ्याची मिरवणूक. लांबून गर्दीचा आवाज आला, "घेऊन जा गे मारबत!"

ह्यांनी डोळे उघडले. "मच्छर घेऊन जा म्हणाव," इतकंच बोलले.

मी तोंडात पदर कोंबून रडले.

हे घरी आले. पण वाद संपला नाही. महाराजांनी सांगून टाकलं, "मूठ बरोबर लागली होती. बाईचं कुंकू बळकट, म्हणून मास्तर वाचले."

बाया माझ्या पाया पडायला आल्या.

तापाने झाले नव्हते तेवढे हे त्या दिवशी हैराण झाले. "याले खोटं कसं पाडाव?" असं म्हणत खोलीत फिरत होते. मग माझ्यासमोर थांबले.

"ऐक. मी गोळ्यांनी वाचलो, कुंकवानं नाही. मंग मी मेलो तं कुंकवाचा काय दोष? पुसू नको."

मी म्हटलं, "असं अभद्र बोलू नका."

नंतर कितीतरी वर्षांनी पलंग बदलला, तेव्हा तो काळा दोरा ह्यांच्या हाती लागला. माझ्याकडे पाहिलं. तो माझ्या हातात ठेवला.

आता हे गेले. वय झालं होतं. घरीच, झोपेत. कोणी तारीख सांगितली नव्हती.

तेरवी ठेवली नाही. ह्यांनी नको म्हणून सांगून ठेवलं होतं.

भेटायला येणाऱ्या बाया आधी माझ्या कपाळाकडे बघतात. बारा दिवस मी ते कोरं ठेवलं. घाबरले होते. लोकांना, की आणखी कशाला, ते मला सांगता येत नाही.

आज सकाळी आरशासमोर उभी राहिले.

कुंकू लावलं.

मास्तर, तुमचं ऐकलं. अजून भेव वाटते, पण ऐकलं.

जा म्हणवत नाही. या आता.