देवमाशिणीचं माहेर

समुद्रातल्या प्राण्यांचा अभ्यास करायला नागपूरच्या मुलीनं अमेरिकेला जावं, हे आमच्या आईला शेवटपर्यंत विनोदीच वाटत राहिलं. "आपल्या अंबाझरी तलावात मासे नाहीत का गं?" असं ती मला निरोप देतानासुद्धा म्हणाली होती. तिनं समुद्र पाहिलेला नव्हता. मी तरी कुठे पाहिला होता? पोहायलाही मी इथे युनिव्हर्सिटीच्या पूलमध्ये शिकले, चिमुरड्या अमेरिकन पोरांच्या रांगेत उभी राहून. त्या पोरांनी मला फार धीर दिला.

हे सगळं ऐंशीच्या दशकातलं. नवरा तिकडे उत्तरेला, पावसाळी रेडमंड गावात सॉफ्टवेअरमध्ये आणि मी हिवाळाभर हवाईला, माऊई बेटावर, देवमाशांच्या मागे. हा कसला संसार, असं लोक विचारायचे. "मी पावसात, बायको उन्हात, मजेत चाललंय," असं नवराच त्यांना सांगून मोकळा व्हायचा. त्या वर्षी मला पाचवा महिना होता. डॉक्टरनं पोहायला हो म्हटलं होतं, फक्त उडी मारायची नाही आणि फार खोल जायचं नाही. मग मी रबरी बोटीच्या कडेवरून, म्हैस तळ्यात उतरते तशी, हळूच पाण्यात शिरायची.

घोर होता तो बाळंतपणाचा. आमच्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी होतं, त्यात चर्चेला जागाच नाही. पण माझं ग्रीन कार्डाचं काम अधांतरी लटकत होतं, आणि आत्ता देशाबाहेर गेलात तर परत आत येता येईलच असं नाही, असं वकिलानं बजावलं होतं. बाबा जाऊन बरीच वर्षं झाली होती, मी एकुलती एक. मग ठरलं की मी जायचं नाही, आईनंच यायचं. तिनं लगेच पासपोर्ट काढला, डिंक निवडून ठेवला, अळीव बांधून ठेवले. राहिला फक्त व्हिसा.

आईकडे फोन नव्हता. शेजारच्या काकांकडे मी वेळ ठरवून फोन करायची आणि ती आधीच तिथे येऊन बसलेली असायची. एकदा मी तिला सांगितलं, की हे हंपबॅक देवमासे वर्षभर अलास्काच्या थंड पाण्यात असतात, आणि माद्या पिल्लाला जन्म द्यायला एवढा समुद्र तुडवत इथल्या उबदार पाण्यात येतात.

"म्हणजे माहेरी येतात की," आई म्हणाली.

मी म्हटलं, तसंच समज. पण पुढे मी सांगितलं, की इथे त्यांना खायला काही नसतं. त्यांचं खाणं सगळं अलास्कात. इथे आई पूर्ण हिवाळा उपाशी राहते आणि अंगातल्या चरबीवर पिल्लाला पाजते. दूध कसं, तर श्रीखंडाइतकं घट्ट. पिल्लू दिवसागणिक फुगतं आणि आई उतरत जाते.

"माहेरी येऊन उपाशी?" आईला त्या देवमाशिणीचा एवढा कळवळा आला की ती माझ्यावरच चिडली. "बाळंतिणीला कोणी विचारत नाही, मेलं कसलं माहेर ते! तू तिथे बघत काय बसतेस?"

मी विषय व्हिसाकडे वळवला.

आमच्या गटाच्या प्रमुख एक प्राध्यापक बाई होत्या. सगळे त्यांना नावानं हाक मारत, माझ्या तोंडून मात्र 'मॅडम'च निघायचं. मोठ्या माणसाला नावानं हाक मारायची म्हणजे माझी जीभच रेटत नसे. देवमाशांच्या जवळ पोहत जायचा परवाना त्यांच्याकडे होता. तो नसेल तर कोणी असं जवळ जायचं नाही, असा कायदा. आमचं काम फोटो काढायचं. प्रत्येक देवमाशाच्या शेपटीखालची काळी-पांढरी नक्षी वेगळी असते, त्यावरून कोण कुठला ते ओळखायचं.

फेब्रुवारीत आम्हाला एक मादी दिसली, नुकतं झालेलं पिल्लू घेऊन. पिल्लू तिच्या हनुवटीखाली चिकटलेलं. आणि त्या दोघांच्या मागे, जरा खाली, तिसरा एक मोठा देवमासा. दुसऱ्या दिवशी तेच. मादी हलली की तोही हलायचा, ती थांबली की थांबायचा.

मी लगेच म्हटलं, "ही तिची आई. बाळंतपणाला आली आहे."

बोटीतले सगळे हसले. मॅडम हसल्या नाहीत. त्या म्हणाल्या, की पूर्वी काही अभ्यासकांनाही तो तिसरा म्हणजे मदतीला आलेली मावशी असावी असं वाटायचं, पण वाटून काय उपयोग? पोट बघायचं. मादीच्या पोटाखाली, शेपटीकडच्या बाजूला, पपनसाएवढा एक गोल उंचवटा असतो. नराला तो नसतो. "जा, बघून ये आणि मला सांग," त्या म्हणाल्या.

मी पोटुशी, मला खोल जाता येत नव्हतं. तो वर यायची वाट बघायची, एवढंच हातात होतं. त्याच आठवड्यात आई व्हिसासाठी मुंबईला जाणार होती. मी रोज पाण्यात नुसती तरंगत राहायची, तोंड खाली करून, श्वास नळीतून, आणि मनात तेच चालायचं. आई कुठल्या गाडीत बसली असेल, इंग्रजीत काही विचारलं तर काय करेल. खाली निळ्या पाण्यात तो तिसरा असायचा. मी शास्त्र शिकलेली बाई, पण खोटं कशाला बोलू, मी त्याला मनातल्या मनात आजी म्हणत होते. आजी असू दे, एवढंच मला हवं होतं.

मग एके दिवशी पिल्लू श्वास घ्यायला वर आलं, त्याच्यामागे आई, आणि तिच्यामागे तोही उठला. घाईबिई काही नाही. एवढं मोठं धूड माझ्या शेजारून वर जाताना पाणीसुद्धा हललं नाही. माझ्यासमोर त्याचा डोळा आला. त्यानं मला बघितलं आणि पंख जरासा आत ओढून घेतला, मला लागू नये म्हणून. तेवढ्यात दूर कुठेतरी एक नर गाऊ लागला. ते गाणं कानाला कमी आणि बरगड्यांना जास्त ऐकू येतं. माझ्या पोटात काहीतरी थरथरलं. गाणं होतं की बाळ होतं, मला कळेना. मला कुठे माहीत होतं बाळ कसं हलतं ते? आई जवळ असती तर हात ठेवून सांगितलं असतं. त्या क्षणी मला ती इतकी हवीशी वाटली, की मी मास्कच्या आत रडायला लागले, आणि मास्कमध्ये रडलं की काचेवर धुकं येतं आणि काही दिसेनासं होतं.

मी घाईनं काच धुतली. तो कुशीवर वळत होता. पोट दिसलं. सपाट होतं.

वर येऊन मी मॅडमना सांगितलं. त्या म्हणाल्या, "नर. ती पुन्हा माजावर कधी येते याची वाट बघतोय. मदतबिदत काही नाही." मग माझ्या तोंडाकडे बघून त्यांनी थर्मासमधला चहा पुढे केला.

मी शकुन-अपशकुन मानत नाही. पण संध्याकाळी नवऱ्याचा फोन आला, "अगं, आईंचा व्हिसा रिजेक्ट झाला," आणि मला आश्चर्य वाटलं नाही.

झालं होतं असं. शेजारच्या काकांनी आईला सगळं पढवून पाठवलं होतं. घर आहे म्हणा, शेत आहे म्हणा, भाऊ-भाचे आहेत म्हणा. व्हिसाच्या खिडकीवरच्या माणसानं दुभाष्याकरवी विचारलं, भारतात तुमचं कोण आहे? आणि आमची आई, आयुष्यभर खरं बोलण्याची खोड, म्हणाली, "मुलीशिवाय मला आहे कोण?" झालं. जिचं भारतात कोणी नाही ती परत कशाला येईल? आपल्याकडे हे वाक्य ऐकून कोणीही बाईला पाणी विचारलं असतं. तिथे त्यांनी पासपोर्ट परत दिला.

जूनमध्ये रेडमंडला मुलगी झाली. बाहेर पाऊस. गावातल्या एक मराठी काकू रोज यायच्या, बाळाला न्हाऊ घालायच्या, मला शेक द्यायच्या. कुठून कुठून डिंक मिळवून त्यांनी लाडूही केले. मी ते खाल्ले आणि त्यांच्यादेखत रडले. त्या बिचाऱ्या म्हणाल्या, तूप कमी पडलं का गं?

ग्रीन कार्ड हातात यायच्या आतच आई गेली. नातीला तिनं फोटोत पाहिलं, तेवढंच. म्हणून मुलगी झाल्यानंतरचा तो एक फोन माझ्या मनातून जात नाही. आमच्याकडे सकाळ, तिच्याकडे संध्याकाळ. काकांच्या दिवाणखान्यात बसून ती म्हणाली, "मला तिचा आवाज तरी ऐकव."

मी रिसीव्हर मुलीच्या तोंडाजवळ धरला. ती नुकतीच पिऊन गाढ झोपलेली. मला राहवेना. हॉस्पिटलमध्ये नर्स करायच्या तशी मी तिच्या तळपायावर टिचकी मारली. तिनं तोंड वाकडं केलं आणि कुरकुरली.

"अगं, माझ्यासाठी रडवू नकोस तिला," नागपुराहून आवाज आला. "झोपू दे. मी नुसती ऐकते."

मी रिसीव्हर उशीवर तिच्या नाकापाशी ठेवला आणि पलीकडे आडवी झाले. तिचा श्वास चालू होता, लाइनीत खरखर होती. आईच्या बाजूनं काहीच येत नव्हतं. ती ऐकत होती की रडत होती कोण जाणे, आणि रिसीव्हर उचलून विचारायची माझी हिंमत झाली नाही.