किसनभाऊचं फेकजाळं

किसनभाऊच्या टोपीत कायम एक सुई खोचलेली असे. लोकांना वाटायचं, गडी कपडे शिवत असेल. कसले कपडे! त्याच्या सदऱ्याला कधी धड दोन बटणं दिसली नाहीत. ती सुई फिल्म खरवडायची होती.

एकोणीसशे पन्नासनंतरच्या त्या वर्षांत चांदा जिल्ह्यात आमची तंबूतली टॉकीज फिरायची. मी बोर्ड रंगवायचो, तो सिनेमाचं मशीन चालवायचा. रिळाच्या टोकाची वाया गेलेली काळी फिल्म तो जपून ठेवी आणि नखाएवढ्या एकेका चौकटीत सुईनं चित्र ओरखडी. काळं खरवडलं की पडद्यावर पांढरी रेघ उमटते. ना कॅमेरा, ना नट. मी हसायचो.

"हास, पेंटर," तो म्हणायचा. "तुहं चित्र उभं राह्यते. माहं चालन!"

तो वैनगंगेकाठच्या ढिवरांच्या, म्हणजे मासेमारांच्या घरातला. बापानं फेकलेलं जाळं हवेत कसं उघडतं, ते त्याला पडद्यावर दाखवायचं होतं. महिनाभर खपून त्यानं चाळीस चित्रं काढली आणि आलापल्लीच्या मुक्कामात सिनेमाच्या आधी हळूच जोडून दिली. सेकंदाला चोवीस चित्रं पळतात, हे रोज मशीन चालवणाऱ्या माणसाच्या ध्यानातच नाही! शिंक येऊन जावी तसा त्याचा महिना गेला. लोकांना वाटलं रीळ तुटलं. शिट्ट्या, आरडाओरडा. टॉकीजचे मालक शेठ तणतणत आले, "पुन्हा हा चाळा केला त गाशा गुंडाळ!"

मशीनवाचून त्याला पोटाचं दुसरं साधन नव्हतं. मी म्हटलं, बाबा रे, सोड आता.

"सोडू काऊन? घाई केली म्हून चुकलं."

मग वर्षभर, जिथे नदी लागेल तिथे, तो जाळं फेकणाऱ्यांना पाहत बसायचा. मलाही काठावर उभं करून दटावायचा, "जाळं हातानं नाई फेकत, पेंटर, कमरेनं फेकतेत. पाह्य बरं!" आणि तंबूत येऊन तेच जाळं शेकडो वेळा खरवडायचा. खरं सांगतो, मला त्याचा हेवा वाटायचा.

मार्कंड्याच्या जत्रेत पहिल्या खेळाला त्यानं नवी फिल्म जोडली, शेठना न विचारता. पुढे जमिनीवर सगळे ढिवरच बसले होते. पडद्यावर पांढऱ्या रेघांचा माणूस उभा राहिला. कमरेत वळला. जाळं सुटलं, हवेत गोल उघडलं, पाण्यावर टेकलं, बुडालं. माणूस तसाच उभा, आणि फिल्म संपली.

मी शेठकडे पाहिलं. एवढ्यात एक म्हातारा ताडकन उठला आणि पडद्याकडे हात करून ओरडला, "अरे बापा, उभा काऊन राह्यला? वढ ना! मासोळी पळून राह्यली!"

मग सगळा तंबूच ओरडायला लागला, "वढ! वढ!"

जाळं ओढायची चित्रं किसनभाऊनं काढलीच नव्हती. शेठ तरातरा मशीनपाशी गेले. मी मागोमाग धावलो. शेठनी कोपऱ्यातलं काळ्या फिल्मचं अख्खं भेंडोळं उचललं आणि त्याच्या हातात कोंबलं.

"वढ आता लवकर," ते म्हणाले, "नाईतर हे लोक मलेच नदीत वढतीन."