कुलपावरची अक्षरं

पेंटरकाकांचं अक्षर इतकं देखणं, की दुकान विकलं तरी नवा मालक त्यांची पाटी पुसायला धजत नसे. छापील फलक आले, तरी उंच भिंतीवर शिडी लावून हातानं लिहिणारे तेवढे एकटेच उरले होते. स्वभाव तिरसट. मजकुरात ऱ्हस्वदीर्घ चुकलं, तर गिऱ्हाइकाला दारातूनच परत पाठवायचे.

लागोपाठ तीन उन्हाळे माणसं उन्हानं मेली, वर्तमानपत्रांनी आरडाओरडा केला, तेव्हा कुठे सरकारनं हवामान बदलासाठी एक कक्ष काढला. कक्षानं आराखडा केला, आराखड्यात शहरभर चाळीस निवारे आले आणि ते रंगवायला काका आले. 'उष्णतेपासून निवारा. पाणी, पंखे, प्रथमोपचार. सकाळी दहा ते सायंकाळी सहा.' निळ्या भिंतीवर पांढरी अक्षरं. काकांनी जीव ओतून काम केलं. दारांना कुलपं होती, पण कक्षाचे साहेब म्हणाले, "उद्घाटन झालं की उघडतील." काकांनी विश्वास ठेवला.

त्यांच्या वहिनी इस्त्रीचं दुकान चालवायच्या. काका लहानाचे मोठे झाले ते वहिनींच्याच हातचं खाऊन. पत्र्याची टपरी, पुढ्यात तापलेली इस्त्री, आणि वहिनी दिवसभर उभ्या. "गरगरलं तर शाळेशेजारच्या निवाऱ्यात जाऊन बसा," काकांनी बजावलं होतं. "मीच रंगवलाय तो."

एका दुपारी त्या खरंच गेल्या. दार ठोठावलं, हाका मारल्या आणि पायरीवर कोसळल्या. एका टेम्पोवाल्यानं दवाखान्यात पोहोचवलं. जीव वाचला, पण उजवा हात कामातून गेला आणि जीभ जड झाली. शुद्धीवर आल्यावर त्या अडखळत म्हणाल्या, "भाऊजी, तिथं... कुलूप होतं हो." जणू चूक त्यांचीच होती.

काकांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ते थेट कक्षात गेले.

"निवारे सुरू करणं हा दुसरा टप्पा आहे," साहेब समजावून सांगू लागले. "पहिला टप्पा जनजागृतीचा."

"म्हणजे भिंती रंगवायचा?"

"तसं समजा."

"आणि दुसरा कधी?"

"समिती नेमलीय."

त्या खोलीत दोन एसी चालू होते. बाहेर माणसं भाजून निघत होती आणि आत काकांच्या अंगावर थंडीनं काटा आला. टेबलावर साहेबांची कार्डं होती. त्यातलं एक त्यांनी न विचारता खिशात टाकलं.

पुढचे चार दिवस ते सायकलला शिडी बांधून चाळीसही ठिकाणी फिरले. तीन उघडे निघाले, सदतीस बंद. एकाच्या खिडकीतून आत मोडक्या खुर्च्यांची रास दिसली. प्रत्येक बंद निवाऱ्यावर त्यांनी त्याच वळणाच्या अक्षरांत खाली एक ओळ जोडली : 'हे दार बंद असते. उघडून हवे असल्यास या साहेबांना फोन करावा.' आणि कार्डावरचं नाव नि नंबर.

साहेबांचा फोन खणखणत राहिला. पाचव्या दिवशी काकांना पोलीस चौकीत बोलावलं. साहेब आधीच येऊन बसले होते.

"सरकारी भिंती विद्रूप केल्यात तुम्ही!"

"विद्रूप?" काका उसळले. "एक वेलांटी चुकली असेल तर दाखवा!"

हवालदाराला हसू आवरेना. समज देऊन त्यानं काकांना सोडून दिलं.

मग सरकार हललं. इतक्या तातडीनं ते कधीच हललं नव्हतं. सदतीस भिंती पांढऱ्या करायचं ठरलं, आणि काहीच ठाऊक नसलेल्या कारकुनानं रंगाऱ्यांच्या यादीतला पहिला नंबर म्हणून काकांनाच फोन लावला. "चुना मारायचाय. घेता का काम?" काकांनी त्याला जे सुनावलं ते इथं लिहिता येणार नाही. काम दुसऱ्यानं केलं. आठवड्यानं बातमी आली : शहरात निवारे तीन; आता एकही बंद नाही.

त्यानंतर सरकारी कामाला काकांनी हात लावला नाही. हल्ली ऊन चढायच्या आत, सकाळी सहाला, वहिनींच्या टपरीत ते स्वतः इस्त्री फिरवतात. वहिनी स्टुलावर बसून खुणेनं घडी दाखवतात. शर्ट करपला, की काका आधी साहेबांच्या नावानं शिव्या घालतात आणि मग गिऱ्हाइकाची माफी मागतात.